आराखड्यात आधी सडा दाखवा, मग रस्ता

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कोकणातील सडे, झरे आणि गावठाणं यांची प्रादेशिक योजनेत स्वतंत्र तरतूद करण्याबाबत.

महोदय,



मी राजापूर तालुक्यातल्या एका सड्याखालच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळपठाराखालच्या वाडीत राहते. थोडी आंबा-काजूची बाग, खालच्या मळ्यात भाताचे काही कुणगे आणि वर सड्यावर सामाईक सातबाऱ्यातला आमच्या वाटणीचा कातळ, एवढी आमची जमीन. मागे एक मुदत ग्रामपंचायतीची सदस्य होते, त्यामुळे झोन, एनए म्हणजे बिगरशेती परवाने, हरकती-सूचना हे प्रकार जवळून पाहिले आहेत. पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण यातलं मागणं एकट्या आमच्या गावाचं नाही. दापोलीपासून देवगडपर्यंत ज्या ज्या गावाच्या माथ्यावर सडा आहे, त्या सगळ्या गावांचं ते आहे.

कोकणाचं नियोजन सध्या नव्याने मांडलं जातंय. २०२४ मध्ये किनाऱ्याकडच्या दीड हजारांहून जास्त गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलं गेलं. रेवस-रेडी सागरी महामार्गालगत १३ विकास केंद्रं ठरली, त्यात १०५ गावं आली आणि ते काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे गेलं. तिकडे घाटमाथ्यावर नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पासाठी २३५ गावांचा विचार झाला. या संस्थांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण शहरं वसवणं आणि रस्ते बांधणं हे ज्यांचं मूळ काम, त्यांनी गावाचा नकाशा पुढ्यात घेतला की इथे काय उभं राहू शकेल, हाच प्रश्न आधी मनात येणार. आमचं म्हणणं असं की कोकणात पहिला प्रश्न पाण्याचा असला पाहिजे. या गावाचं पाणी कुठे मुरतं, कुठून बाहेर येतं आणि कुठे जातं, हे आधी नकाशावर उतरवा. बाकीच्या रेघा त्यानंतर ओढा.

सडा म्हणजे काय, हे आराखडा करणाऱ्यांना सांगावं लागतं असा अनुभव आहे. एप्रिलमध्ये गाडीतून पाहणीला आलेल्या माणसाला तिथे तापलेला काळा-तांबडा कातळ दिसतो, वाळलेलं गवत दिसतं, कुठे करवंदीची जाळी, आणि फुरशाच्या धास्तीने तो गाडीपासून फार लांब जात नाही. त्याच्या नोंदीत ही जमीन ओसाड ठरते. सातबाऱ्यावर तीच जमीन पोटखराब म्हणून लागलेली असते. केंद्र सरकार पडीक जमिनींचे जे नकाशे काढतं, त्यांतही असे खडकाळ माळ पडीकातच मोजले जातात. म्हणजे तलाठ्याच्या दप्तरापासून दिल्लीपर्यंत कागद एकच गोष्ट सांगतो, की इथे काही नाही. मग कारखाना असो, वसाहत असो, सौर प्रकल्प असो की प्लॉटिंग असो, जागा शोधणाऱ्याचं बोट नेमकं सड्यावर येऊन थांबतं. सुपीक जमीन वाचवली आणि पडीक जमीन वापरली, असं त्याला मनापासून वाटत असतं.

तोच सडा जुलैत पाहायला हवा. कातळातल्या प्रत्येक खळग्यात पाणी साठलेलं असतं, त्यात बेडकांची पिल्लं असतात, आणि खळग्याच्या काठाकाठाने गेंद आणि सीतेची आसवं फुललेली असतात. माती बोटभरही नाही आणि तिच्यात कस नाही, म्हणून दवबिंदूसारखी झाडं पानांवरच्या चिकट थेंबांत किडे धरून पोट भरतात. पाऊस सुरू झाला की पांढरी दिपकाडी वर येते. ती पश्चिम किनाऱ्याच्या या चिंचोळ्या पट्ट्यातलीच. बाहेरच्या जगाला ती माहीत नाही आणि इथला कातळ गेला की तिला दुसरं घर नाही. कास पठारही जांभ्याचंच आहे. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत ते आहे, आणि तिथली फुलं पाहायला आता लोक आगाऊ नोंदणी करून जातात. आमचे सडे समुद्राजवळचे, कमी उंचीचे, आणि त्यांच्यावर गुरं चरतात. तेवढ्याने ते कमी प्रतीचे ठरत नाहीत.

पण मला फुलांपेक्षा पाण्याविषयी जास्त बोलायचं आहे. जांभा सच्छिद्र असतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्यातला बराचसा पऱ्यांनी धावत खाडीला जातो, आणि काही भाग सड्याच्या भेगांमधून, भोकांमधून सावकाश खाली उतरतो. जांभ्याच्या तळाशी मऊ, चिकट मातीचा थर असतो. पाणी तिथे अडतं, आडवं सरकतं आणि सडा जिथे संपतो त्या उतारावर झरा होऊन बाहेर येतं. कोकणातल्या कितीतरी वाड्या याच रेघेवर वसल्या आहेत. झऱ्याखाली पाट, पाटावर माड-पोफळी, त्याखाली भाताचे कुणगे, मग खाजण आणि शेवटी खाडी. वरच्या कातळावर काय घडतं त्याचा परिणाम या सगळ्या पायऱ्या उतरत मच्छीमाराच्या जाळ्यापर्यंत पोचतो. तालुक्याच्या नकाशावर मात्र कातळ एका रंगात, वाडी दुसऱ्या रंगात आणि खाडी तिसऱ्या रंगात दाखवलेली असते, आणि त्यांना जोडणारं पाणी कुठेच नसतं.

आमच्या झऱ्याचं सांगते. चिऱ्याने बांधलेलं छोटं तोंड, त्याला पोफळीची पन्हळ लावलेली, खाली कळशी ठेवायला झिजून खोलगट झालेला दगड. मे महिन्यात पन्हळीची धार करंगळीएवढी होते. मग बायका रात्री उशिरा किंवा पहाटे नंबर लावतात, कारण हंडा भरायला वेळ लागतो. घरातली पुरुषमंडळी मुंबईला. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. ही काही मुलींच्या जन्माबद्दल अभिमानाने सांगायची गोष्ट नाही, इथून कर्ते पुरुष निघून गेल्याची ती खूण आहे. तेव्हा झऱ्याचा प्रश्न हा मुख्यतः बायकांचा प्रश्न आहे, आणि ज्या टेबलांवर नकाशे रंगवले जातात तिथे त्या फारशा नसतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला सड्याचा एक मोठा तुकडा विकला गेला. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर साठएक नावं, त्यातली निम्मी माणसं गावाला कधी न आलेली. दलालाने एकेकाचा हिस्सा गोळा केला. मग जेसीबी आले. खळगे मुरूम टाकून भरले, उंचवटे फोडून सपाट केले, गुरांची आणि झऱ्याची जुनी पायवाट कंपाउंडच्या आत गेली. पूर्वी जिथे गडग्याच्या फटींतून पाणी, साप, मुंगूस सगळे ये-जा करत, तिथे काँक्रीटची भिंत आली. प्रत्येक प्लॉटला बोअर. वर पाटी लागली : समुद्र दिसणारे एनए प्लॉट. त्यापुढच्या उन्हाळ्यांत झऱ्याची धार लवकर तुटायला लागली. या दोन गोष्टींचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही, कारण आमच्या झऱ्याला किती पाणी होतं हे कोणीच कधी मोजून ठेवलेलं नव्हतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी दरवर्षी मोजते. वाड्यावाड्यांतले झरे त्या यादीत नाहीत. ज्याची नोंद नाही त्याचं नुकसान झालं तरी दाद कुठे मागायची?

आणि याच झऱ्यांवर, याच पऱ्यांच्या काठच्या विहिरींवर सरकारने नळपाणी योजना केल्या आहेत. जल जीवन मिशनमधून घरोघर नळ आले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण नळाचा उगम ज्या कातळात आहे तो कातळ वसाहतीसाठी खुला ठेवायचा आणि पाणी आटलं की टँकरची निविदा काढायची, हा खर्च दुहेरी आहे. एका खात्याने बांधलेलं दुसऱ्या खात्याच्या नकाशाने वाया जातं, आणि दोन्ही खात्यांच्या फायली नीट असतात.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे मी मुद्दाम लिहिते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १४ मध्ये प्रादेशिक योजनेत काय काय असावं हे सांगितलं आहे. निवासी, औद्योगिक, शेती, जंगल यांच्यासाठी जमिनीचं वाटप त्यात आहे, आणि त्याच कलमात निसर्गरम्य प्रदेश, वनं, वन्यजीव आणि नैसर्गिक साधनसंपत्ती यांच्या जतनाचाही उल्लेख आहे. म्हणजे सड्याला योजनेत जागा द्यायला नवा कायदा लागत नाही. साठ वर्षं जुन्या कायद्याचं ते एक कलम पूर्ण वापरलं तरी खूप होईल.

प्रत्यक्षात काय होतं? जे निवासी नाही, औद्योगिक नाही, ते उरलेलं सगळं हिरवं रंगवून शेती विभागात टाकलं जातं. हिरवा रंग पाहून गावाला वाटतं, आपलं वाचलं. पण २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत शेती विभागात चालणाऱ्या गोष्टींची यादी वाचावी. पेट्रोल पंप, पर्यटकांसाठी निवास, संस्थांच्या इमारती, दगडखाणी, शिवाय ४० हेक्टर एकत्र जमीन जमवली तर अख्खी एकात्मिक नगर वसाहत. यातल्या काही गोष्टी खेड्यात लागतातच, त्यांना माझा विरोध नाही. पण भाताचा मळा, देवरहाटी म्हणजे देवाचं राखलेलं रान, झऱ्याचं माथ्याकडचं क्षेत्र आणि महामार्गाकडेचा माळ या चारही जमिनींना एकच नियम लावला, तर जतन नावाची गोष्ट त्या नकाशात उरत नाही.

त्यातूनही एखादा तुकडा आडवा आलाच, तर योजनेत फेरबदल करून घेता येतो. कायद्यात त्याची वाट आहे आणि ती असायलाही हवी, कारण वीस वर्षांची योजना कुणीच बिनचूक करू शकत नाही. माझी तक्रार तुकड्यातुकड्याने होणाऱ्या बदलांबद्दल आहे. एका सर्व्हे नंबरचा बदल जाहीर होतो, कुठल्यातरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत सूचना येते, मुदत संपते, बदल मंजूर होतो. प्रत्येक बदल एकटा पाहिला तर क्षुल्लकच असतो. पण एका सड्यावर असे दहा बदल झाले की सडा संपतो, आणि सड्याचा निर्णय म्हणून निर्णय कधी कोणी घेतलेलाच नसतो.

हरकती-सूचनांची मुदत कशी पडते तेही आपल्या कानावर घालते. मी सदस्य असताना एका आराखड्याचा मसुदा लावणीच्या दिवसांत प्रसिद्ध झाला. नकाशा तालुक्याच्या एका कार्यालयात ठेवला होता. आम्ही चौघी पाऊस-चिखल तुडवत गेलो. नकाशा भिंतीवर उंच लावलेला, प्रमाण इतकं लहान की आमचं गाव नखाएवढं, सर्व्हे नंबर नाहीत, वाड्यांची नावं नाहीत, सूची इंग्रजीत. तिथला लिपिक भला होता. त्याने खुर्ची आणून दिली. पण खुर्चीवर चढूनही आमचा झरा कुठे आहे ते आम्हाला सापडलं नाही. हरकत कशावर घ्यायची तेच कळलं नाही, तर मुदत किती दिवसांची होती याला काय अर्थ?

शेजारच्या गोव्यात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. २००६ मध्ये तिथे प्रादेशिक आराखडा २०११ जाहीर झाला. लोकांनी गावोगाव नकाशे वाचले, डोंगर-उतार, शेतं आणि किनारे वसाहतीसाठी कसे खुले झालेत ते दाखवून दिलं, गोवा बचाव अभियान उभं राहिलं, आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नंतर चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या नगररचनाकाराचा सहभाग असलेलं कृतिदल आलं, २०२१ च्या आराखड्याचे नकाशे गावपातळीवर गेले, पंचायतींकडून सूचना आल्या. ती प्रक्रिया निर्दोष नव्हती. पण गोव्यातल्या गावांना नकाशा वाचता येऊ लागला तो तेव्हापासून. पुढे तिथल्या नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं, आराखड्यातल्या चुका सुधारायच्या म्हणून जमिनींचे विभाग एकेक करून बदलू लागले, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठी केलेले नियम रद्द ठरवले. एकदा सरकारला माघार घ्यावी लागली, एकदा न्यायालयाला मधे पडावं लागलं, आणि दोन्ही वेळा मधल्या काळात जमिनी गेल्याच. महाराष्ट्राने हा फेरा टाळावा, असं मला कळकळीने वाटतं. सीमेवरच्या तेरेखोल नदीच्या अलीकडे आणि पलीकडे कातळ एकच आहे.

आता दुसरी बाजू. कोकणातल्या माणसाला घर नको, धंदा नको, फक्त निसर्ग हवा, असं कोणी आपल्याला सांगत असेल तर ते खरं नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची मात्र घटली; रत्नागिरीची जवळजवळ ५ टक्क्यांनी. शाळा पटसंख्येअभावी बंद पडतात. आंब्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी अवेळी पावसाने मोहोर गळाला की वर्षभराचं गणित कोसळतं. माकड-डुकरांमुळे कुणगे ओस पडले आहेत. अशा वेळी कातळाला गुंठ्यामागे आलेला भाव ज्याने घेतला त्याला मी बोल लावणार नाही. त्याच्या मुलीचं लग्न, आईचं आजारपण, मुंबईतल्या खोलीचं भाडं मला दिसतं.

म्हणूनच सांगते, योजनेने गावच्या माणसासाठी आधी जागा करावी. आज उलटं आहे. गावठाणाच्या हद्दी कित्येक गावांत जुन्या मोजणीच्या आहेत. घरं वाढली, भाऊ वेगळे झाले, पण गावठाण तेवढंच राहिलं. गावच्या पोराने स्वतःच्या परसात दोन खोल्या काढल्या तर तो अनधिकृत ठरतो, त्याला बँक कर्ज देत नाही, आणि सड्यावर बाहेरच्या माणसाची चाळीस प्लॉटची आखणी मात्र सगळ्या परवानग्यांनिशी उभी राहते. गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी बिगरशेतीची अट सरकारने महसूल कायद्यात कलम ४२-ड घालून सोपी केली, ते बरंच झालं. पण वाडी हे आमच्याकडचं वस्तीचं खरं रूप आहे, आणि बऱ्याच वाड्या गावठाण म्हणून नोंदलेल्याच नाहीत. त्यांना त्या २०० मीटरचा काय उपयोग? वाड्यांना गावठाणाचा दर्जा द्या, त्यांच्याभोवती वाढीला वाव ठेवा. उद्योग येऊ देत, पण राजापूर, लांजा, कुडाळ, चिपळूण या गावांच्या आणि स्थानकांच्या आसपास, जिथे आधीच रस्ते आणि वस्ती आहे तिथे, आणि कोणता उद्योग हे खालच्या पऱ्याची ताकद पाहून ठरवा. लोटे-परशुरामच्या कारखान्यांचं सांडपाणी आणि दाभोळ खाडीतला मासा हा वाद आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो आहोत, तो आणखी एका खाडीत नको.

सड्यावरचा माणसाचा वावर किती जुना आहे तेही आराखड्यात यायला हवं. बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ, कशेळी, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमळ इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. कशेळीचा कोरलेला हत्ती पाहिलात तर त्याच्या पोटात कोरलेले मासे, पक्षी, प्राणी पाहून आपणही थक्क व्हाल. ज्या बारसूचं नाव त्या यादीत गेलं, त्याच बारसूच्या सड्यावर पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं आणि बायका उन्हात कातळावर आडव्या पडल्या. प्रकल्प हवा की नको, यावर गावात दोन मतं असतील. पण एकाच जागेसाठी एक खातं वारशाचा प्रस्ताव पाठवतं आणि दुसरं बोअर घेतं, याचं कारण एकच आहे : त्या सड्यावर काय काय आहे हे एका नकाशावर मांडलेलंच नाही.

गावं स्वतःहून जतन मागत नाहीत, ते वरून लादावं लागतं, असाही एक समज मंत्रालयात आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. त्या समितीचं काम चालू असतानाच सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी ठराव केले होते, की आमचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा. कुणी बळजबरी केली नव्हती. शेजारच्या खाणींचं लाल पाणी भातात आलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर त्या अहवालाचा फेरविचार करणारी कस्तुरीरंगन समिती आली, आणि घाटातलं संवेदनशील क्षेत्र जाहीर करण्यासाठी २०१४ पासून २०२४ पर्यंत केंद्राने सहा वेळा अधिसूचनेचे मसुदे काढले. २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. ती अधिसूचना कधी अंतिम होईल ते केंद्राच्या हातात आहे. शिवाय समुद्राकडचे आमचे बरेच सडे त्या घाटाच्या हद्दीत येतच नाहीत. त्यांचं रक्षण करायचं तर ते राज्याच्या प्रादेशिक योजनेतूनच होईल, म्हणजे आपल्या खात्यातून. म्हणून हे पत्र पर्यावरण मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

आमचं मागणं फार नाही. कोणत्याही विकास केंद्राचा आराखडा पक्का करण्याआधी त्या गावांतले झरे, पऱ्ये, देवरहाट्या आणि सडे यांची मोजणी करा, आणि ती पावसाळ्यात एकदा व मे महिन्यात एकदा करा. यासाठी शून्यापासून सुरुवात करायची गरज नाही. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. काही गावांच्या नोंदवह्या घाईत भरलेल्या आहेत, पण काहींमध्ये झाडाझऱ्याची नावानिशी माहिती आहे. आराखडा करणाऱ्याच्या हाती ती वही कधी दिली गेली नाही. ती द्या, आणि जिथे कोरी आहे तिथे शाळेतली मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन ती भरून घ्या.

ही मोजणी झाली की सड्याला शेती विभागातून वेगळं काढा आणि पाणी मुरण्याचं क्षेत्र म्हणून त्याचा स्वतंत्र विभाग करा. तिथे चराई, गवत, नाचणी-कुळीथ, असलेल्या बागा हे सगळं चालू राहील. सपाटीकरण, प्लॉटची आखणी, नवी चिरेखाण आणि बोअर चालणार नाही. ज्यांची जमीन या विभागात जाईल त्यांचं नुकसान होतं, हे मान्य करा. शहरात आरक्षणात गेलेल्या जमिनीचा विकासहक्क हस्तांतरित करता येतो. तसा हक्क सड्याच्या मालकांना जवळच्या गावठाण-विस्तारात किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत वापरता येईल का, याचा अभ्यास आपल्या नगररचना संचालनालयाने करावा. मोबदल्याशिवाय जतन सांगितलं तर लोक दलालाकडेच जातील, हे मी अनुभवाने सांगते.

मसुदा मराठीत, सर्व्हे नंबर आणि वाड्यांच्या नावांसह, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वाचता येईल एवढा मोठा लावा. हरकतींची मुदत लावणी आणि कापणी टाळून ठेवा. गणपतीत किंवा शिमग्यात ठेवलीत तर चाकरमानीही गावात असतात आणि सामाईक जमिनीतले सगळे हिस्सेदार एका ठिकाणी भेटतात. आणि योजना मंजूर झाल्यावर सड्यातला एक गुंठाही बदलायचा असेल तर आधी ग्रामसभेचा ठराव आणि त्याच सड्यावर याआधी झालेल्या सगळ्या बदलांचा एकत्र तक्ता जोडल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाऊ नये.

यातलं मोजणीचं काम एका पावसाळ्यात आणि एका उन्हाळ्यात होण्यासारखं आहे. विकास केंद्रांतल्या १०५ गावांपासून सुरुवात केली तरी चालेल. आपल्या खात्याने एखादं गाव नमुना म्हणून निवडायचं ठरवलं तर आमचा सडा आहे, झऱ्यांची नावं आम्ही देऊ, आणि मोजणीला माणसंही देऊ. या पत्राला आपलं उत्तर आलं तर ते मला वैयक्तिक न पाठवता तालुक्यातल्या सर्व ग्रामपंचायतींच्या नावे पाठवावं, म्हणजे येत्या ग्रामसभांमध्ये ते वाचून दाखवता येईल आणि त्यावर ठराव घेता येईल.

कळावे,

आपली नम्र,
राजापूर तालुक्यातील एक शेतकरी